नऊ मतांनंतरच्या किल्ल्या

ऑगस्टा, मेन. नोव्हेंबर सरत आलेला.
केनेबेक नदीच्या काठाला पापुद्र्यासारखा बर्फ,
आणि विधानभवनाच्या तळघरात
मी किल्ल्या कापत बसलेली.

फेरमोजणी काल संपली. नऊ मतं.
उत्तरेकडच्या एका कागदगिरणीच्या गावात
(गिरणी बंद, गाव अजून चालू)
शाळेची बस चालवणारी डार्लीन वेलेट
नऊ मतांनी आली
आणि बारा वर्षांनी सभागृहानं कूस बदलली.

"शर्मी, यादी आली," रोलाँ थिबोडो म्हणाला.
शर्मिष्ठाचं शर्मी त्यानंच केलं, पहिल्याच दिवशी,
माझं मत न विचारता.
यादीत चौतीस दरवाजे.
ज्यांचं बहुमत त्यांना नदीकडच्या खोल्या,
उरलेल्यांना पार्किंगकडच्या.
कुठल्याही कायद्यात हे लिहिलेलं नाही,
पण कुलपांना पाठ आहे.
स्वच्छतागृहाची किल्ली तेवढी
कुठल्याच निवडणुकीत बदलत नाही.

नऊ म्हणजे किती?
तळघरात डबा खायला बसतो आम्ही सातजण.
त्यात वरचा दारवान आणि त्याची बायको धर.
एवढी माणसं सर्दीनं घरी राहिली असती तर
मी आज दुसरंच काहीतरी करत असते.
एका मतपत्रिकेवर, थिबोडो सांगतो,
कुणीतरी गोल भरायच्या ऐवजी मासा काढला होता,
अर्धा गोलात, शेपटी बाहेर.
दोन वकील चाळीस मिनिटं
त्या माशाकडे टक लावून उभे.
शेवटी तो कुणाच्या जाळ्यात गेला
हे काही थिबोडोला सांगता येत नाही.

होलिस वार्नम स्वतः खाली आला किल्ली द्यायला.
बटाट्याच्या शेतांवरचा माणूस,
परवापर्यंत कृषी समितीचा अध्यक्ष.
तो हरला नव्हता. त्याच्या गावानं त्याला
भरभरून दिलं होतं, नेहमीसारखं.
हरलं होतं ते त्याच्या आजूबाजूचं.
कड्यातून किल्ली निघेना, नखं जाड.
पक्कड माझ्या हाताशीच होती.
मी पुढे केली नाही, थांबले.
तळहातावर ठेवली तेव्हा ती कोमट होती.
"बाई चांगली आहे," तो म्हणाला,
"माझ्या नातवाला तीच नेते शाळेत, हिमवादळातसुद्धा."
जिन्यापर्यंत गेला, वळला.
"पण नऊ?"

जुन्या किल्ल्या आम्ही वितळवत नाही.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो,
चिठ्ठी बांधून.
दोन वर्षांनी पुन्हा नोव्हेंबर आहे.

त्याच्या टेबलाचा खालचा खण अडत होता.
ओढून काढला तर मागे चुरगळलेला एक कागद:
खेड्यांतल्या विहिरींचं पाणी सरकारनं तपासावं,
असं विधेयक, सहा वर्षांपूर्वीचं.
त्यावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ, राजमुद्रेसारखं.
कुणी दडवलं नसावं.
खण भरला होता, एवढंच.
कागदपत्रं वाचणं माझ्या कामात बसत नाही.
मी घडी सरळ केली,
टेबलाच्या मधोमध ठेवलं.

डिसेंबरचा पहिला बुधवार. शपथा झाल्या.
नवी अध्यक्ष, बीट्रिस हॅनफर्ड,
दोन खोकी, एक कोरफड, ओले बूट.
नवी किल्ली फिरवून खूश झाली,
मग थेट खिडकीकडे गेली. खिडकी उघडेना.
"दोन्ही पक्षांनी रंगवलीय ती," मी म्हटलं,
"बंदच ठेवून."
पातं आणलं. फटीतून फिरवलं.
पांढरा पापुद्रा, खाली पिवळट, खाली कुठलातरी हिरवा,
टेबलावर भुगा पडत गेला.
चौकट कुरकुरली, बोटभर वर सरकली,
आणि नदीवरचा वारा आत आला, थेट कागदावर.

कागद उडायला लागला तशी
तिनं न बघता
हातातला कॉफीचा कप
त्यावर टेकवला.